क्रॉनचे नकोसे एरर मेसेज: पार्श्वभूमी

क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा प्रोग्रॅम. त्याच्या कामांच्या यादीतल्या, म्हणजे क्रॉनटॅबमधल्या, ओळीच्या शेवटी सगळं आउटपुट ‘/डेव्ह/नल’मध्ये (येईल ते टाकून देणाऱ्या खास फाइलमध्ये) सोडून द्यायचं, ही सवय आता हाताला पडली आहे. तिच्यामुळे बॅकअप बंद पडला तरी कुणाला पत्ता लागत नाही, म्हणून तिचं मूळ पाहायला हवं.

सुरुवातीच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टममध्ये प्रोग्रॅमचं उत्तर आणि त्याची तक्रार एकाच वाटेने बाहेर पडत. युनिक्स जिथे तयार झालं, त्या बेल लॅब्समध्ये मजकूर फोटोटाइपसेटरकडे (छपाईसाठी अक्षरं जुळवणाऱ्या यंत्राकडे) पाठवला, की एरर मेसेजही पडद्यावर येण्याऐवजी सुबक टाइपात जुळून येई आणि ती फेरी वाया जाई. तिथलेच स्टीव्ह जॉन्सन यांनी पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार अशा काही फेऱ्यांनंतर स्टँडर्ड एरर हा २ क्रमांकाचा वेगळा प्रवाह आला. तक्रार माणसाला दिसावी, एवढ्यासाठीच तो होता.

१९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत बोर्न शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) आला आणि हा प्रवाह क्रमांकाने हवा तिकडे वळवता येऊ लागला. त्याच आवृत्तीत क्रॉनही होतं. पण क्रॉनच्या कामासमोर पडदाच नसतो. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेलं क्रॉन पुढे सर्वत्र पसरलं. ते दोन्ही प्रवाहांतलं, म्हणजे नेहमीचं आणि एररचं, आउटपुट मेलने पाठवतं. मेल कुणाला जावी हे क्रॉनटॅबमधल्या ‘मेलटू’ या सेटिंगने ठरतं.

खरी अडचण इथेच आहे. काम फसलं का, हे क्रॉन पाहत नाही. काही छापलं गेलं का, एवढंच पाहतं. फाइली एकत्र बांधणारं ‘टार’ पूर्ण पाथ दिल्यावर सुरुवातीची तिरकी रेघ काढल्याचं स्टँडर्ड एररवर कळवतं, नेटवरून फाइली आणणारं ‘कर्ल’ आपली प्रगती तिथेच दाखवतं. दोघांचंही काम नीट झालेलं असतं, तरी मेल येतेच. रोज अशा मेल आल्या की माणूस त्या उघडणं सोडतो आणि एक दिवस दोन्ही प्रवाह बंद करून टाकतो. (वळवण्या डावीकडून उजवीकडे लागू होतात. आधी एररला आउटपुटशी जोडून मग आउटपुट नलमध्ये टाकलं, तर एरर मेलमध्ये येतच राहतात.) मशीनवर मेल पाठवणारी व्यवस्थाच नसेल, तर डेबियन या लिनक्सचं क्रॉन लॉगमध्ये तशी नोंद करून आउटपुट टाकून देतं.

सिस्टमडी या लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचे टायमर दोन्ही प्रवाह जर्नल या त्याच्या लॉगमध्ये ठेवतात आणि यश-अपयश एक्झिट कोडवरून (कमांड संपताना देते त्या आकड्यावरून) ठरवतात. मला ही विभागणी जास्त पटते. क्रॉनच वापरायचं असेल, तर ‘मोअरयुटिल्स’ या छोट्या साधनांच्या संचातलं ‘क्रॉनिक’ आउटपुट धरून ठेवतं आणि कमांड फसली तरच बाहेर सोडतं. कर्लला सायलेंटसोबत शो-एरर हा पर्याय दिला, की प्रगती लपते, एरर दिसतात.