ल्लीनची वारी : क्लिनॉग वाउर ते आबेरदारॉन

वायव्य वेल्समधला ल्लीन हा समुद्रात घुसलेला चिंचोळा भूभाग. त्याच्या टोकापलीकडच्या एन्ल्ली बेटावर मध्ययुगात यात्रेकरू जात. इंग्रजी नकाशात या बेटाचे नाव बार्ड्सी आहे. एन्ल्लीच्या तीन वाऱ्या रोमच्या एका वारीइतक्या मानल्या जात आणि बेटावर 20 हजार संत पुरले आहेत अशी श्रद्धा होती. वाटेवरची काही चर्च गावांच्या मानाने मोठी आहेत, ती या वारीमुळेच.

सुरुवात क्लिनॉग वाउरपासून करा. सातव्या शतकातल्या संत बेयनोच्या या गावातले आजचे चर्च मात्र पंधराव्या-सोळाव्या शतकातले आहे. आत एकाच ओंडक्यात कोरलेली दानपेटी पाहा. कानावर जन्मजात खाच असलेली वासरे-कोकरे बेयनोची मानत आणि ती विकून आलेले पैसे या पेटीत पडत. भांडणाऱ्या कुत्र्यांना धरून बाहेर काढण्याचा चिमटाही इथे जपलेला आहे.

पिस्तिल्लचे चर्च अगदी लहान. सणाला त्याच्या जमिनीवर लव्हाळे आणि सुगंधी वनस्पती अंथरतात. ल्लानगुनाडलला शेजारी-शेजारी तीन दालने आहेत. सोळाव्या शतकात गर्दी मावेना, म्हणून ती वाढवली गेली.

आबेरदारॉनला घाई करू नका. संत हाउइनचे चर्च थेट पुळणीच्या वर उभे आहे. उत्तरेकडच्या दालनाचे कमानदार दार बाराव्या शतकातले आहे, दक्षिणेकडचे दालन नंतर जोडलेले. वेराकियुस आणि सेनाकुस या दोन धर्मगुरूंचे पाचव्या-सहाव्या शतकातले कोरीव शिलालेख आत ठेवलेले आहेत. इमारत खालावल्यावर गावाने 1841 मध्ये वरच्या बाजूला नवे चर्च बांधले, पण 1906 मध्ये जुने दुरुस्त करून लोक परत इथेच आले. कवी आर. एस. थॉमस 1967 ते 1978 इथले धर्मगुरू होते.

बेटाची होडी पोर्थ मेयद्वीहून सुटते. बेट ल्लीनच्या टोकापासून जेमतेम 3 किलोमीटरवर आहे, तरी होडी हमखास सुटेल असे धरू नका. भरती-ओहोटीचे पाणी मधल्या अरुंद सामुद्रधुनीतून जोरात वाहते आणि वारा प्रवाहाच्या उलट असला की लाटा उभ्या राहतात. त्यामुळे आबेरदारॉनला किमान दोन मुक्काम ठेवा आणि परतीची गाडी बेटाच्याच दिवसाची काढू नका. पाणी, डबा, वाराबंद जाकीट आणि पकड असलेले बूट बरोबर घ्या. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.