महासभेत आपल्या भागाचा प्रश्न कसा मांडून घ्यावा : सांगली, मिरज, कुपवाडच्या नागरिकांसाठी माहिती

आपल्या महापालिकेत ‘महापौरांना जाब विचारला’ असे सर्रास बोलले जाते. परंतु कायद्यानुसार नगरसेवकाचा प्रश्न आयुक्तांना उद्देशून असतो आणि महापौर हे सभेचे अध्यक्ष या नात्याने तो प्रश्न स्वीकारायचा की नाकारायचा याचा निर्णय देतात. लंडनमध्ये कार्यकारी अधिकार महापौरांकडेच असल्यामुळे तेथील 25 सदस्यांच्या सभागृहापुढे ते स्वतः उत्तरे देतात. महाराष्ट्रात मात्र हे अधिकार आयुक्तांकडे आहेत. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे अनेक चांगली निवेदने चुकीच्या टेबलावर पडून राहतात, म्हणून तो आधी सांगितला.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 नुसार सभागृहात प्रश्न विचारण्याचा हक्क नगरसेवकाचा आहे. नागरिकाला थेट प्रश्न विचारता येत नाही. त्यामुळे आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांमार्फतच जावे लागते. सभागृहाची मुदत संपून प्रशासक नेमलेला असेल, तर हा मार्गच बंद होतो. ऑगस्ट 2023 मध्ये मुदत संपल्यानंतर सांगलीकरांनी हे अनुभवले आहे. साताऱ्यात नगरपरिषद असल्याने तेथे 1965 चा वेगळा अधिनियम लागू होतो आणि पुढील नियम तेथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

सर्वांत जास्त चूक होते ती मुदतीत. प्रश्नाची लेखी सूचना नगरसचिवांकडे, म्हणजे सभेचे कामकाज सांभाळणाऱ्या पालिकेच्या अधिकाऱ्यांकडे, सभेच्या किमान सात पूर्ण दिवस आधी पोहोचावी लागते. ‘पूर्ण दिवस’ मोजताना सूचना दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही धरत नाहीत. म्हणजे सभा 20 तारखेला असेल, तर 13 ते 19 हे सात दिवस मोकळे हवेत आणि प्रश्न 12 तारखेपर्यंत दाखल झालेला हवा. सभेची सूचनाही साधारण तेवढ्याच अवधीची निघत असल्याने विषयपत्रिका हातात आल्यावर प्रश्न लिहायला बसणाऱ्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. महिन्यातून किमान एक सर्वसाधारण सभा (म्हणजेच महासभा) 20 तारखेपर्यंत घेण्याची तरतूद आहे. तेव्हा महिना सुरू होण्यापूर्वीच प्रश्न तयार ठेवणे शहाणपणाचे.

प्रश्नाची भाषा हा त्याहून महत्त्वाचा भाग आहे. युक्तिवाद, आरोप, उपरोध, निव्वळ मत विचारणे, काल्पनिक परिस्थिती, न्यायप्रविष्ट बाब किंवा आधीच उत्तर दिलेला विषय असेल, तर महापौर प्रश्न नाकारू शकतात. उदाहरणार्थ, ‘शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत सोडून प्रशासन सांगलीकरांच्या जिवाशी खेळत नाही काय?’ हा प्रश्न मनातला असला, तरी तो टिकणार नाही. त्याऐवजी ‘शेरीनाल्याचे सांडपाणी वळविण्यासाठी बसविलेले पंप गेल्या बारा महिन्यांत कोणकोणत्या तारखांना बंद होते, त्याची कारणे कोणती आणि दुरुस्तीवर किती खर्च झाला?’ असे विचारावे. या प्रश्नाला तारखा आणि आकडेच द्यावे लागतात. समडोळी रस्ता किंवा बेडग रस्ता येथील कचरा डेपो असो, वा पुराच्या वेळी आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीनुसार वस्त्यांना दिला जाणारा इशारा असो, प्रश्न असाच मोजता येण्याजोगा करावा.

नगरसेवकांकडे जाताना एका विषयावरचे, एका पानाचे, सहीचे निवेदन न्यावे. त्यासोबत पूर्वीच्या तक्रारींच्या प्रती, तारीख असलेली छायाचित्रे आणि शक्य असल्यास माहिती अधिकारातून मिळालेली कागदपत्रे जोडावीत. माहितीचा अर्ज ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एका विषयापुरता आणि 150 शब्दांच्या आत करायचा असतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास पुराव्याची प्रत जोडल्यास शुल्क माफ आहे. उत्तर 30 दिवसांत अपेक्षित असते. न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढील 30 दिवसांत 20 रुपये शुल्कासह प्रथम अपील करता येते. हा काळ जमेस धरूनच कोणत्या सभेत प्रश्न आणायचा ते ठरवावे, कारण कागद हाती असलेला नगरसेवक सभागृहात अडखळत नाही.

निवेदन देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि प्रश्न नगरसचिव कार्यालयात दाखल झाल्यावर प्रश्नाच्या प्रतीवरचा आवक क्रमांक व तारीख नगरसेवकांकडून मागून घ्यावी. मी स्वतः एकदा ही पोच न घेतल्यामुळे आमच्या गल्लीच्या गटारीचा प्रश्न ‘आलाच नाही’ असे ऐकून परतलो आहे. त्या निळ्या शिक्क्याची किंमत तेव्हा कळली.

गोपनीय स्वरूपात मिळालेली किंवा उघड केल्यास लोकहितास बाधा येईल अशी माहिती देण्याचे आयुक्तांवर बंधन नाही. एरवी उत्तर सभेत दिले जाते. महासभा सामान्यतः नागरिकांसाठी खुली असते, त्यामुळे प्रश्नाच्या दिवशी प्रेक्षक कक्षात अवश्य बसावे. इतिवृत्त तयार झाल्यावर आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात जसे दिले गेले तसेच नोंदले गेले आहे का, हे पाहावे आणि त्या पानाची प्रमाणित प्रत मागून पहिल्या निवेदनाच्या पोचेसोबत लावून ठेवावी.