‘शिकणारा’ गिअरबॉक्स: एका घोटाळलेल्या शब्दाची पार्श्वभूमी

नवी ऑटोमॅटिक गाडी घेतलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला असा, की हजार किलोमीटर जपून चालव, इंजिन अजून रुळायचे आहे. दुसरा असा, की गिअरबॉक्स सध्या तुझे चालवणे शिकतो आहे, आत्ता जशी चालवशील तशीच गाडी पुढे कायम चालेल. पहिला सल्ला आजोबांच्या काळापासून चालत आला आहे आणि बराचसा खरा आहे. दुसरा जेमतेम पस्तीस वर्षांचा आहे आणि धड अर्धाही खरा नाही. तो कुठून आला हे पाहायचे तर ‘शिकणे’ हा शब्द गिअरबॉक्सला कधी आणि का चिकटला, तिथे जावे लागते.

इंजिनाचे थोडक्यात उरकतो. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या दगडाने मुद्दाम बारीक तिरक्या रेघा पाडलेल्या असतात. त्या रेघांची टोके पिस्टनच्या रिंगांनी घासून काढायची, म्हणजे रिंग भिंतीला घट्ट बसते आणि तिचे तोंड मिटते. पूर्वी ही घासाघीस बरीचशी मालकाच्या हातून व्हायची. ब्रिटनमध्ये नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन, प्लीज पास’ अशी चिठ्ठी लावून लोक रस्त्याच्या कडेने सावकाश जात, आणि पहिल्या पाचशे मैलांनंतर काढलेल्या ऑइलमध्ये धातूची चमक दिसली तरी कोणी दचकत नसे. आता ती टोके कारखान्यातच उडवून दिलेली असतात. सांभाळायचे उरले ते एवढेच: पहिले हजार ते सोळाशे किलोमीटर अॅक्सिलरेटर तळाला टेकवू नये, आणि एकाच वेगाने तासन् तास जाऊ नये. अति जपणेही वाईटच. ज्वलनाचा दाब मागून मिळाल्याशिवाय रिंग भिंतीला रेटली जात नाही, आणि मग भिंतीवर काचेसारखा गुळगुळीत थर चढून इंजिन ऑइल पिऊ लागते.

गिअरबॉक्सला मात्र त्या काळी कोणी रुळवत नसे. मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 1939 च्या शेवटी अमेरिकेत 1940 च्या मॉडेलांतून विकायला आला. तेव्हापासून चाळीस-एक वर्षे आतला सगळा कारभार तेलाच्या दाबावर चालला. गाडीच्या वेगानुसार एक दाब वाढे, अॅक्सिलरेटरनुसार दुसरा. दोघांची रेटारेटी होऊन एखादी झडप सरकली की गिअर बदलला. अशा यंत्राला काल काय झाले हे आठवायची सोयच नव्हती.

आठवण होती ती मेकॅनिकला. गिअरबॉक्सच्या आत ड्रमभोवती पट्टा असतो, त्याला बँड म्हणतात. तो आवळला की ड्रम थांबतो आणि गिअर लागतो. पट्ट्याचे अस्तर झिजले की फट वाढते, बँड उशिरा पकडतो, आणि दोन गिअरांच्या मध्ये इंजिन क्षणभर मोकळे ओरडते. यावर इलाज बाहेरून होता. गाडी वर उचलायची, गिअरबॉक्सच्या अंगावरचा लॉकनट सैल करायचा, मधला स्क्रू ठरलेल्या ताकदीने आवळायचा, मग आटे मोजून मागे सोडायचा आणि नट पुन्हा कसायचा. काही गिअरबॉक्सना दोन आटे, काहींना अडीच. झीज वाढली, फट कमी केली, संपले. पुढे ज्याला ‘अडॅप्टिव्ह’, म्हणजे जुळवून घेणारे, म्हटले गेले, त्याचा निम्मा अर्थ त्या अडीच आट्यांत होता. तो स्क्रू फिरवणाऱ्याला गाडी माझे चालवणे शिकते आहे असे कोणी म्हटले असते, तर तो हसला असता.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी गाड्यांत झडपांचा हुकूम कॉम्प्युटरकडे आला. नॉर्मल आणि पॉवर असे बटणही आले. तरी कोष्टक ठरलेलेच होते: अमुक वेग, तमुक अॅक्सिलरेटर, तर अमका गिअर.

खरा फाटा फुटला तो 1989 च्या मॉडेलांत. एका अमेरिकी कंपनीने पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी चार गिअरचा नवा ऑटोमॅटिक काढला. त्यात बँड नव्हते आणि एकमार्गी क्लचही नव्हते. यावर थोडे थांबायला हवे, कारण पुढचा सगळा वाद याच निर्णयातून उपजला. एकमार्गी क्लच म्हणजे सायकलचे फ्रीव्हील समजा. वरचा गिअर लागू लागला की खालच्या गिअरचे फ्रीव्हील आपोआप सुटते, नेमके हवे त्या क्षणी. वेळेचा हिशेब यंत्राच्या घडणीतच असतो, कोणी ठेवावा लागत नाही. हे काढून टाकले की गिअरबॉक्स हलका आणि आखूड होतो, आडव्या इंजिनाच्या शेजारी मावतो. पण मग एक क्लच, म्हणजे तेलाच्या दाबाने आवळला जाणारा प्लेटांचा संच, सोडणे आणि दुसरा धरणे ही अदलाबदल सेकंदाच्या अंशात जुळवावी लागते. सोडायची घाई झाली तर इंजिन सुटते, उशीर झाला तर दोन क्लच एकमेकांशी झुंजतात आणि मागच्या सीटवरच्या माणसाची मान हलते.

दोन गिअरबॉक्स कधी हुबेहूब सारखे नसतात. क्लचच्या प्लेटांमधली फट कारखान्यातच केसभर कमी-जास्त राहते. नव्या प्लेटांचा खरखरीत कागदी थर पहिल्या काही दिवसांत दबून गुळगुळीत होतो. तेलाची वाट विजेने उघडझाक करणारी झडप, म्हणजे सोलेनॉइड, एखादा चपळ, एखादा सुस्त. म्हणून कॉम्प्युटरला नजर ठेवायला बसवले. गिअरबॉक्समध्ये शिरणारा वेग आणि बाहेर पडणारा वेग हे दोन्ही सेन्सरने मोजायचे, क्लचने पकड घेतल्याचा क्षण त्यांच्या फरकावरून ओळखायचा, आणि प्रत्येक क्लच भरायला किती तेल लागले याचा आकडा साठवून ठेवायचा. प्लेट झिजली की आकडा वाढतो, आणि पुढच्या वेळी तेवढे तेल आधीच सोडले जाते. जुना स्क्रूच हा, फक्त आता तो स्मृतीत गेला आणि आपला आपण फिरू लागला. या कामाला ‘शिकणे’ हा शब्द लागला.

कल्पना अस्सल होती. आजचे बहुतेक ऑटोमॅटिक याच वाटेने चालतात. बाजारात आणायची घाई मात्र नडली, आणि माझ्या मते दोष गणितापेक्षा त्या घाईकडेच जास्त जातो. त्या गिअरबॉक्सला एक विशिष्ट तेल लागे. ते न मिळाल्यास बाजारात सगळीकडे मिळणारे दुसरे चालेल, अशी सूट मालकाच्या पुस्तिकेतच होती. दुसऱ्या तेलाचे घर्षण वेगळे, त्यामुळे क्लच थरथरू लागले. वेळ आणि दाब कॉम्प्युटर जुळवू शकतो, तेलाचा गुण बदलू शकत नाही. त्यात काही गोंधळ दिसला की तो गिअरबॉक्सला दुसऱ्या गिअरमध्ये कोंडून ठेवी, म्हणजे गाडी निदान घरी पोचावी. गॅरेजमध्ये हा प्रकार नवा. सेन्सरचा किंवा वायरचा दोष असतानाही अख्खे गिअरबॉक्स उतरवले गेले. बदललेला गिअरबॉक्स पुन्हा कोरा, पुन्हा झटके, पुन्हा तक्रार.

त्यातून आली ‘क्विक लर्न’ नावाची पद्धत. गाडी जागेवर उभी, ब्रेकवर पाय, तेल ठरलेल्या तापमानाला आलेले. हातातले यंत्र सांगेल तसा लिव्हर हलवायचा. इंजिन मंद फिरत असते. कॉम्प्युटर एकेक क्लच हळूच भरतो आणि आत शिरणारा वेग कधी खाली येतो ते पाहतो. आला की क्लच टेकला, आकडा लिहिला, पुढचा घेतला. काही मिनिटांत शेकडो किलोमीटरचे काम उरकते. या सगळ्या खटाटोपात चालकाच्या स्वभावाचा प्रश्न कुठेच नाही, कारण गाडी जागची हललेलीच नसते.

मग स्वभाव आला कुठून? 1990 च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत जर्मन आणि जपानी कंपन्यांनी वेगळेच काही बनवले. अॅक्सिलरेटर किती झपाट्याने दाबला जातो, वळणावर गाडीला किती आडवा रेटा बसतो, ब्रेक किती वेळा लागतो, चढ आहे की उतार, हे पाहून कॉम्प्युटर चार-पाच कोष्टकांपैकी एक निवडू लागला. संथ चालकाला वरचा गिअर लवकर, घाईच्या चालकाला उशिरा. जपानात यासाठी फझी लॉजिक, म्हणजे नुसत्या हो-नाहीऐवजी कमी-जास्त प्रमाणात ठरवणारे गणित, वापरले गेले आणि त्या शब्दाची जाहिरातही दणकून झाली. दुर्दैवाने यालाही ‘अडॅप्टिव्ह’ हेच नाव मिळाले, आणि जाहिरातीच्या भाषेत ‘गाडी तुम्हाला ओळखते’ हे वाक्य ‘गाडी स्वतःच्या क्लचची फट मोजते’ यापेक्षा केव्हाही चांगले खपते.

घोटाळा झाला तो इथे. शब्द एक आणि कामे दोन, आणि दोन्हींच्या आठवणीची लांबी वेगळी. क्लचच्या भरणीचे आकडे टिकाऊ असतात. इंजिन बंद केले तरी राहतात, महिनोन्महिने हळूहळू सरकतात. चालकाचा अंदाज अल्पजीवी असतो. बहुतेक गाड्यांत तो मिनिटांच्या हिशेबात बदलतो. घाटात तासभर जोरात चालवली आणि मग गर्दीत शिरलात, तर थोड्याच वेळात गिअरबॉक्स पुन्हा मवाळ होतो. पहिल्या महिन्यात आजोबांनी चालवली म्हणून गाडी जन्मभर मंद राहील, ही भीती दुसऱ्या कामाची आठवण पहिल्याइतकी लांब धरल्यामुळे पसरली. उलट, सुरुवातीलाच रेटून चालव म्हणजे गिअरबॉक्स जोशात येईल, हा सल्लाही त्याच चुकीतला. त्याने शिकवण तर होत नाहीच, रिंगांच्या वाट्याला मात्र नको ते येते.

रुळवण्याचा सल्ला आणि गिअरबॉक्सचे शिकणे एकमेकांत मिसळले, त्याला आणखी एक साधे कारण आहे. दोघांना चालवणे सारखेच मानवते. भरणीचे आकडे सहसा तेल पुरते गरम असताना, हलक्या ते मध्यम अॅक्सिलरेटरवर, एकेक गिअर ओळीने पडतानाच नोंदले जातात. थंडगार सकाळी पहिल्या चौकात बसलेला झटका कॉम्प्युटर मुद्दाम नजरेआड करतो, कारण थंड तेल दाट असते आणि त्याचा आकडा फसवा निघतो. नवी गाडी घेऊन थेट हमरस्त्यावर चारशे किलोमीटर एकाच वेगाने गेलेला माणूस इंजिनाला कंटाळा आणतो आणि गिअरबॉक्सला शिकायला काहीच देत नाही, कारण वरचा गिअर एकदा पडला तो पडला. चढ-उताराच्या, थांबत-थांबत जाणाऱ्या रस्त्यावर अर्धा तास त्याहून जास्त कामाचा.

नंतरच्या वर्षांत कोरेपणा कारखान्यातच कमी होत गेला. गिअर सहा झाले, आठ झाले, पुढे दहाही झाले, आणि एकमार्गी क्लच नसणे ही आता नवलाई राहिली नाही. काही कंपन्या सोलेनॉइड जुळणीच्या वेळीच तपासतात, त्यांचा गुणधर्म सांगणारा क्रमांक गिअरबॉक्सवर चिकटवतात किंवा कोरतात, आणि बदलीच्या वेळी तो कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. 2003 पासून रस्त्यावर आलेल्या डबल क्लचच्या गाड्यांत (एक क्लच सम गिअरांना, दुसरा विषम) आणि एएमटीत, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या, यंत्राने चालणाऱ्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये, क्लच नेमका टेकतो कुठे, तो बिंदू शिकवावा लागतो. प्लेट झिजते तसा तो बिंदू सरकतो, म्हणून नोंद चालूच राहते.

त्याबरोबर जुन्या प्रथेला नवा अवतार मिळाला: ‘रिसेट’. पूर्वी नव्या गाडीचा मालक झटक्याची तक्रार घेऊन आला की ऑइल बदलून द्यायचे, आता स्मृती पुसून द्यायची. कंट्रोल युनिट, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर, किंवा क्लच बदलल्यावर ती पुसणे रास्तच आहे, कारण जुने आकडे जुन्या भागांचे असतात. पण निरोगी गिअरबॉक्सची स्मृती पुसली तर गाडी कारखान्यातल्या सरासरी आकड्यांवर परत जाते आणि क्लचची खरी फट नव्याने शोधू लागते. मालक गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडतो आणि पुढच्या वळणापर्यंत दोन झटके खातो. ते त्या पुसण्याचेच असतात.