पार्श्वभूमी: सोल्जर फील्डचा गेलेला दर्जा

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या शिकागोचं सोल्जर फील्ड हे स्टेडियम १९२४ मध्ये खुलं झालं आणि पुढच्याच वर्षी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ त्याला आजचं नाव मिळालं. तळ्याकाठी डोरिक (प्राचीन ग्रीक धर्तीच्या) खांबांच्या लांबच लांब रांगा आणि मधे मैदान, असा तो थाट होता. गर्दीचे विक्रम लगेचच झाले. सप्टेंबर १९२७ मध्ये मुष्टियुद्धाच्या हेवीवेट विजेतेपदाच्या लढतीला लाखावर लोक होते. सातव्या फेरीत गतविजेता खाली पडला, पण आव्हानवीर नियमाने ठरलेल्या कोपऱ्यात वेळेवर गेला नाही, म्हणून पंचांनी मोजणी (दहापर्यंत उठला नाही तर हार) उशिरा सुरू केली. गतविजेता सावरून उठला आणि जिंकला. त्या ‘लांबलेल्या मोजणी’वरचा वाद अजून मिटलेला नाही. दोनच महिन्यांनी कॉलेज संघांच्या अमेरिकन फुटबॉलच्या एका सामन्याला सुमारे १,२०,००० प्रेक्षक आले.

शहराचा व्यावसायिक फुटबॉल संघ, शिकागो बेअर्स, इथे आला तो मात्र १९७१ मध्ये. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगने किमान ५०,००० आसनांची अट घातली होती आणि संघाचं जुनं मैदान त्यात बसत नव्हतं.

खरा गुंता पुढचा आहे, आणि तो ‘लँडमार्क’ या शब्दाशी येऊन थांबतो. अमेरिकेत ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ९०,००० हून अधिक नोंदी आहेत. ‘राष्ट्रीय ऐतिहासिक लँडमार्क’ हा त्यावरचा मान, आणि तो जेमतेम २,६०० स्थळांना मिळालेला. सोल्जर फील्डला तो १९८७ मध्ये मिळाला. मान मिळाला म्हणजे संरक्षण मिळालं, असा समज सर्रास असतो. पण मालक स्वतःच्या पैशाने बांधकाम करत असेल, तर या दर्जाने त्याचे हात बांधले जात नाहीत. केंद्राचा निधी किंवा परवाना गुंतलेला असेल तरच केंद्रीय छाननी आडवी येते. एरवी रोखायचं तर स्थानिक नियमांनीच. इथे तर मालक शहराचीच उद्यान-यंत्रणा होती!

जानेवारी २००२ मध्ये नूतनीकरणासाठी मैदान बंद झालं. सप्टेंबर २००३ मध्ये उघडलं, तेव्हा खांबांच्या डोक्यावर आसनांची काच-पोलादी प्रचंड वाटी बसलेली होती. उडती तबकडी उतरल्यासारखं दिसतं, अशी थट्टा झाली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. आसनं उरली ६१,५००, म्हणजे लीगमधल्या सर्वात कमी आसनांच्या मैदानांपैकी एक. प्रकल्पाविरुद्धचा दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला. २००४ मध्ये केंद्रीय सल्लागार समितीने दर्जा काढण्याची शिफारस केली आणि २००६ मध्ये तो गेला. मूळ रूप उरलं नाही, हे कारण. समर्थक म्हणतात, खांब तर जागेवरच आहेत. आहेत, पण आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसण्यासाठीच ते होते, आणि तेवढंच हरवलं.

आता तो संघही कायम राहील याची खात्री नाही. त्याने २०२३ मध्ये आर्लिंग्टन हाइट्स या उपनगरात ३२६ एकर जमीन घेतली. २०२४ मध्ये तळ्याकाठीच, शेजारी, छत असलेल्या नव्या स्टेडियमचा प्रस्ताव मांडला. त्यात जुने खांब ठेवायचे आणि मधली वाटी पाडून मोकळं मैदान करायचं होतं. त्याच वाटीसाठी काढलेल्या रोख्यांची फेड २०३२ पर्यंत चालायची आहे.