काचेवरचे पांढरे ठिपके चालायला लागले की

समुद्री टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि प्रवाळं ठेवायची काचेची टाकी, चालू करून थोडे दिवस गेले की एका सकाळी काचेवर पांढरे ठिपके दिसतात, जवळ जाऊन बघावं तर ठिपके चालतायत. मग घरात गोंधळ. आई म्हणणार पाण्यात किडे झालेत, ओतून टाक सगळं, दुकानवाला म्हणणार औषध घेऊन जा, आणि चार जणांना फोटो पाठवला की चार नावं येणार.

माझं म्हणणं, फोटोवरून ओळखायच्या भानगडीत पडूच नका. मिलिमीटरभर जीव, त्यात प्रवाळांसाठी लावलेली निळी रीफ लाइट, फोनमध्ये रंग काहीही येतो. त्यापेक्षा तो चालतो कसा ते बघा. क्षणभर थांबला, झटका मारून पुढे गेला, परत थांबला, म्हणजे बहुतेक कोपेपॉड, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला बारीक जीव. साधं भिंग लावलं तरी पुढे रुंद आणि मागे निमुळतं अंग दिसतं, डोक्यावर मधोमध एकच डोळा असतो, आणि मादी असली तर मागे अंड्यांची पिशवी लोंबत असते, जातीप्रमाणे एक किंवा दोन. हे शेवाळ आणि कचरा खातात आणि मासे यांना खातात. मँडरिन मासा तर जवळपास यांच्यावरच जगतो, त्यामुळे औषध टाकून यांना मारणं म्हणजे फुकट मिळालेलं खाद्य गटारात ओतणं.

जरा मोठं, अर्धा-एक सेंटिमीटरचं काही दगडाखालून सटकलं तर ते दाबलंय कुठून ते बघा. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं, पाठीत वाकलेलं आणि कुशीवर पडून पळणारं असेल तर अ‍ॅम्फिपॉड, गरीब प्राणी. वरून खाली चपटं असेल तर आयसोपॉड. मुंबईच्या मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर, झुरळासारखे धावतात ना, ते लिगिया, तेही आयसोपॉडच. टँकमधले बरेचसे आयसोपॉड निरुपद्रवी, गोळी करून बसणारे, पण सिरोलॅनिड नावाचं एक कुटुंब आहे त्यांच्यापासून सांभाळा, डोळे मोठे, पोहणं सरळ आणि जोरात, आणि रात्री माशाच्या अंगाला चिकटून चावतात. माशाच्या अंगावर सकाळी विनाकारण जखमा दिसत असतील तर आधी हा संशय घ्या.

हे सगळं येतं कुठून? भारतातली कडक प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये आहेत, आपल्या समुद्रातून त्यांचा तुकडा उचलणं गुन्हा आहे, म्हणून इथे शहाणी माणसं समुद्रातला जिवंत दगड न आणता कोरड्या दगडावरच टँक सुरू करतात. तरी फ्रॅगच्या (विकत आणलेल्या प्रवाळाच्या तुकड्याच्या) प्लगखाली, म्हणजे तो ज्यावर चिकटवलेला असतो त्या बैठकीखाली, गोगलगायीच्या शंखावर, शेवाळाच्या गुंत्यात, अगदी पिशवीतल्या पाण्यातही अंडी आणि पिल्लं येतातच. कोरडा दगड घेतला म्हणजे पाहुणे येणार नाहीत हा गैरसमज आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो काचेवरच्या चांदण्यांचा. पांढरट, नखाएवढी, हात कमी-जास्त लांबीचे, दिवसभर एकाच जागी असल्यासारखी वाटते, ती अ‍ॅस्टेरिना, एक छोटा तारामासा. हात असमान कारण ती स्वतःचे दोन तुकडे करून वाढते आणि राहिलेले हात नव्याने फुटत असतात. काही जाती शेवाळ खाऊन गप असतात, काही झोअँथिडवर (फुलांच्या गुच्छासारख्या दिसणाऱ्या, प्रवाळाच्या नात्यातल्या जीवांवर) चढतात, म्हणून ती झोअँथिडवर बसलेली दिसते का ते बघून मगच काढायचं ठरवा. पण त्याहून खूप लहान, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची चांदणी दिसली आणि हातांची टोकं दुभंगलेली असली तर तो तारामासा नाहीच. ती स्टॉरोक्लेडिया, न पोहणारी जेलीफिश! दुभंगलेल्या हाताची एक फांदी काचेला चिकटायला, दुसरी डंख मारायला, आणि बाई आरामात काचेवर चालत जातात. भिंगाखाली हे बघायला जाम मजा येते, मी तरी टँकमध्ये यापेक्षा भारी काही बघितलं नाही.

ब्रिसल वर्म नावाच्या केसाळ किड्याला लोक उगाच घाबरतात. गुलाबी-राखाडी, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुपके, तो उरलेलं खाणं आणि मेलेलं साफ करतो, फक्त हाताने धरू नका, केस कातडीत घुसून आग होते. खरी डोकेदुखी म्हणजे एप्टेशिया. तपकिरी, पारदर्शक दांड्याचं लहान अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा, डंख मारणारा समुद्री प्राणी), बोट नेलं की चटकन आत जातं. ब्लेडने खरवडलं की मागे राहिलेल्या पायाच्या तुकड्यांतून नवीन उगवतात, म्हणजे एकाचे पाच. त्यावर पेपरमिंट कोळंबी किंवा फक्त एप्टेशियाच खाणारी बर्घिया गोगलगाय सोडतात. गंमत म्हणजे प्रवाळ आणि त्याच्या आत राहणारं शेवाळ यांचं नातं समजून घ्यायला प्रयोगशाळेत हाच एप्टेशिया पाळतात, २०१५ मध्ये त्याचा जीनोमही, म्हणजे त्याच्या सगळ्या जनुकांचा आराखडा, प्रसिद्ध झाला.

तांबड्या, शेपटीला तीन टोकं असलेल्या चपट्या अळ्यांचे थर जमले तर मात्र औषध एकदम ओतू नका, एका वेळी सगळ्या मेल्या की त्यांचं विष पाण्यात सुटतं आणि मासे जातात. आधी पाइपने जमतील तितक्या ओढून काढा, विष शोषून घ्यायला कार्बन (सक्रिय कोळसा) तयार ठेवा, मगच औषध.

आणि रात्री टँकमधून टक् टक् आवाज आला तर? पिस्तूल कोळंबी असेल किंवा मँटिस कोळंबी. पिस्तूल कोळंबीचा नांगा इतक्या वेगात मिटतो की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, आवाज त्या बुडबुड्याचा असतो. ती कुणाला फारसा त्रास देत नाही. मँटिस मात्र शंख फोडून गोगलगायी खाते, कधी मासेही. आवाजावरून दोघींत फरक करणं अवघड, म्हणून पकडायला बाटलीचा तोंडाकडचा भाग कापून उलटा आत बसवायचा, आत कोळंबीचा तुकडा टाकायचा, दगडाशी आडवी ठेवायची आणि लाल टॉर्च घेऊन मध्ये मध्ये बघायचं, लाल उजेडाला बहुतेक सगळे बिनधास्त बाहेर येतात.