फ्लॅटबेड ट्रकची बॉडी बांधताय? आधी व्हीलबेस मोजा

"बारा मीटरपर्यंत चालतं," असं बॉडी बांधणारा सांगतो. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९३ नुसार ट्रेलर नसलेल्या साध्या मालट्रकची एकूण लांबी १२ मीटरपेक्षा आणि रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त असू नये. ही लांबी पुढच्या बंपरपासून मागच्या टोकापर्यंतची, नुसत्या हौद्याची नव्हे.

गणित चुकतं ते मागच्या ओव्हरहँगमध्ये. दोन अ‍ॅक्सलच्या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून मागे निघणारा भाग व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधल्या अंतराच्या, ६० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. व्हीलबेस ५ मीटर असेल तर मागे फक्त ३ मीटर. पुढच्या चाकांच्या मध्यापासून पुढचा भाग १.४ मीटर धरला, की ९.४ मीटरला गाडी संपली. पूर्ण १२ मीटर हवे असतील तर व्हीलबेसच साडेसहा मीटरच्या वर लागतो. तीन अ‍ॅक्सलच्या गाडीत पुढचीच चाकं वळणारी असतील, तर माप मागच्या दोन अ‍ॅक्सलच्या मध्यबिंदूपासून १०२ मिलिमीटर मागे धरतात. म्हणून हौद्याची लांबी ठरवण्याआधी चेसिस (बॉडीखालचा सांगाडा) निवडा. उलटं केलं की पैसे दोनदा जातात.

चेसिस कापून, वेल्डिंग मारून वाढवू, हा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) जुळली पाहिजे. बेकायदा फेरफार केला तर कलम १८२-ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

बॉडीचं डिझाइन ट्रक बॉडी कोडप्रमाणे, म्हणजे एआयएस-०९३ प्रमाणे मंजूर आहे का, हे काम देण्याआधीच विचारा. मंजूर ड्रॉइंगची प्रतही मागून घ्या. ती दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे मी गाडी सोडणार नाही.

पासिंगसाठी आरटीओत नमुना २० मधला अर्ज, डीलरचा नमुना २१ (विक्री प्रमाणपत्र) आणि नमुना २२-ए (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र) लागतो. या शेवटच्या कागदाचे दोन भाग असतात: पहिला चेसिस कंपनीचा, दुसरा बॉडी बांधणाऱ्याचा. दुसऱ्या भागावर सही नसेल तर फेरी फुकट. सोबत विमा, पत्त्याचा पुरावा, पॅन आणि तात्पुरत्या नोंदणीचा कागद ठेवा. गाडी तपासणीला प्रत्यक्ष न्यावी लागते, तेव्हा निघण्याआधी टेप लावून स्वतः एकदा मोजा. फिटनेस प्रमाणपत्राशिवाय मालवाहू गाडीची नोंदणी वैध धरली जात नाही. एकूण वजन ३,००० किलोच्या वर असेल तर परमिटही हवं.

आणि हौदा आखूड पडला म्हणून सळ्या मागे लोंबकळत नेऊ नका. माल गाडीच्या मागच्या टोकाबाहेर गेला तर कलम १९४(१ए) प्रमाणे २०,००० रुपये दंड होतो, माल उतरवण्याचा खर्च वेगळा.