मंगळावरचं ‘वाहतं पाणी’ आणि गाळणीने घडवलेला खळगा

‘मंगळावर वाहतं खारं पाणी सापडलं’ हा मेसेज अजून फिरतो. मूळ नासाच्या २८ सप्टेंबर २०१५ च्या घोषणेत आहे. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनेसन्स ऑर्बिटर यानावरच्या ‘क्रिझम’ या उपकरणाला उतारांवरच्या काळपट रेघांत पाणी धरून असलेले पर्क्लोरेट क्षार दिसले, असं तेव्हा सांगितलं गेलं.

क्रिझम चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा प्रकाश ५४४ पट्ट्यांत फोडून त्याचा आलेख काढायचं. ठिपका साधारण १८ मीटरचा; रेघा मात्र जेमतेम अर्धा ते पाच मीटर रुंद. खूण मुळातच पुसट. त्यात उपकरणाचा गोंगाट, म्हणजे आलेखात मध्येच उसळणारे काटे. संगणकी गाळणी हे काटे गुळगुळीत करते आणि एरवी ते काम चोख होतं. पण ऊन-सावलीच्या तीव्र सीमेवर हेच करताना आलेखाला १.९ आणि २.१ मायक्रॉन तरंगलांबीपाशी खोटा खळगा पडू शकतो. पर्क्लोरेटची ओळख नेमकी तिथलीच!

हे २०१८ मध्ये एलन लीस्क आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. असे खोटा खळगा पडलेले ठिपके चित्रातल्या एकूण ठिपक्यांच्या ०.०५ टक्क्यांहूनही कमी. पण दुर्मीळ खनिज शोधणारा माणूस अशाच विरळ ठिपक्यांच्या मागे असतो, म्हणून मला हा आकडा अजिबात किरकोळ वाटत नाही.

मंगळावर पर्क्लोरेट आहेच. २००८ मध्ये फिनिक्स यानाला ते मातीत सापडलं. रेघांचं म्हणाल, तर कोरडी वाळू जितक्या उतारावर थांबते तितक्याच उतारावर त्या संपतात, हे २०१७ च्या अभ्यासात दिसलं आहे; म्हणजे त्या वाहत्या पाण्याच्या नसून घसरत्या वाळूच्या असाव्यात.